आपोआप सरकणारा स्लायडर: तो थांबणार कधी, हे आधी ठरवा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट तुम्ही करताय. मुखपृष्ठावर स्लायडर आहे, म्हणजे एकामागून एक सरकणाऱ्या स्लाइडचा पट्टा, आणि त्यात पाच स्लाइड आहेत: व्याख्यानमाला, नवी पुस्तकं, वर्गणीची सूचना, बालविभाग आणि दिवाळी अंकांची योजना. एका व्हिडिओत पाहून 'सेट-इंटरव्हल' (ठरावीक वेळाने तेच काम पुन्हा करणारं जावास्क्रिप्टचं घड्याळ) लावला आणि स्लायडर सरकायलाही लागला. पण पान थोडा वेळ उघडं राहिलं की त्याचा वेग वाढत जातो. पाचवी स्लाइड झाली की सगळ्या स्लाइड उलट्या धावत पहिलीवर येतात. आणि मोबाइलवर बोटाने सरकवायला गेलं की हातातून निसटतो. शेवटी तुम्ही विचारलंय की हे सगळं सोडून एखादं तयार प्लगइन लावू का.

वेग, उलटी धाव आणि मोबाइल या तीन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण मूळ एकच आहे. स्लायडर कसा सरकावा याचा विचार झालाय, तो कधी थांबावा याचा झालेला नाही. सरकवणं दहा ओळींचं काम आहे. उरलेली सगळी मेहनत थांबवण्यात जाते, आणि प्लगइन लावलं तरी ते निर्णय तुम्हालाच घ्यावे लागतात.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण अध्यक्षांनी किंवा कार्यकारिणीने 'मुखपृष्ठावर काहीतरी हलतं पाहिजे' असं म्हटलं असणार. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या मुखपृष्ठावरच्या स्लायडरचे आकडे एरिक रनयन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले होते. पानावर येणाऱ्यांपैकी साधारण १ टक्का लोकांनी स्लायडरवर क्लिक केलं होतं आणि त्या क्लिकपैकी ८४ टक्के पहिल्या स्लाइडवर होते. तुमच्या वाचनालयाचे आकडे वेगळे येतील. सभासद ओळखीचे आहेत, ते ठरावीक गोष्ट शोधायलाच येतात. पण कल हाच राहतो हे मी बऱ्याच साइटवर पाहिलंय. म्हणून पाचव्या स्लाइडवर वर्गणीची शेवटची तारीख टाकून निश्चिंत राहू नका. जे सगळ्यांना कळायलाच हवं ते स्लायडरच्या बाहेर, साध्या मजकुरात ठेवा. स्लायडरमध्ये ते जाऊ दे, जे नजरेतून सुटलं तरी कोणाचं नुकसान होणार नाही. नवी पुस्तकं त्यासाठी उत्तम.

आता बांधणीकडे. मी सुरुवात नेहमी न हलणाऱ्या स्लायडरपासून करतो. पाचही स्लाइड एचटीएमएलमध्ये एकापाठोपाठ, एका यादीत. त्या यादीला सीएसएसमध्ये 'फ्लेक्स' करायचं, म्हणजे स्लाइड आडव्या रांगेत लागतात, प्रत्येक स्लाइडला पट्ट्याएवढी रुंदी देऊन 'फ्लेक्स-श्रिंक' शून्य ठेवायचं, आडवा 'ओव्हरफ्लो' 'ऑटो' ठेवायचा, 'स्क्रोल-स्नॅप-टाइप'ला 'एक्स मॅन्डेटरी' आणि प्रत्येक स्लाइडच्या 'स्क्रोल-स्नॅप-अलाइन'ला 'स्टार्ट' द्यायचं. एवढं केलं की जावास्क्रिप्टची एकही ओळ नसताना बोटाने सरकणारा, प्रत्येक स्लाइडवर नीट बसणारा पट्टा तयार होतो. बोटाने ढकलणं, त्याचा वेग, शेवटाला मिळणारा हलका अडथळा, हे सगळं ब्राउझर स्वतः सांभाळतो. मोबाइलवरची तुमची तक्रार निम्मी इथेच मिटते. 'लेफ्ट' किंवा 'मार्जिन-लेफ्ट' बदलत पट्टा ढकलण्याची जुनी पद्धत त्या व्हिडिओत असेल, तर ती सोडून द्या. तिच्यात ब्राउझरला प्रत्येक पावलाला पानाची मांडणी नव्याने मोजावी लागते आणि स्वस्त फोनवर ते धक्के स्पष्ट दिसतात.

या पद्धतीचा दुसरा फायदा असा की 'आत्ता कितवी स्लाइड' हा आकडा वेगळा सांभाळावा लागत नाही. पट्ट्याची 'स्क्रोल-लेफ्ट' किंमत, म्हणजे तो किती पिक्सेल सरकलाय तो आकडा, घ्या, तिला पट्ट्याच्या रुंदीने भागा आणि पूर्णांक करा. स्लाइड पूर्ण रुंदीच्या असतील आणि त्यांच्यात फट नसेल, तर आलेला आकडा हाच क्रमांक. तुम्ही वेगळा आकडा ठेवलात आणि वाचकाने बोटाने तिसरीवरून पहिलीवर नेलं, तर तुमच्या आकड्याला ते कळत नाही. तो पुढच्या फेरीला चौथी दाखवतो. हातातून निसटतो म्हणता त्यात याचाही वाटा असणार.

एक सापळा इथेच सांगून ठेवतो. पुढच्या स्लाइडवर जाण्यासाठी बरेच जण 'स्क्रोल-इन्टू-व्ह्यू' वापरतात. ती आज्ञा स्लाइड दिसावी म्हणून गरज पडली तर सगळं पानही सरकवते. वाचक खाली ग्रंथालयाच्या वेळा वाचत असतो आणि दर सहा सेकंदांनी पान त्याला वर खेचून नेतं. त्याऐवजी पट्ट्यावरच 'स्क्रोल-टू' चालवा आणि त्यात फक्त 'लेफ्ट' द्या.

आता वेग का वाढतो ते पाहू. तुम्ही कोड दिलेला नाही, पण हे लक्षण इतकं ठरलेलं आहे की अंदाज बांधायला हरकत नाही. माउस स्लायडरवर आला की घड्याळ थांबवायचं आणि बाहेर गेला की नवं 'सेट-इंटरव्हल' सुरू करायचं, असं तुम्ही केलेलं असणार. कुठल्यातरी एका वाटेने जुनं घड्याळ बंद न होताच नवं सुरू होतं. मग दोन घड्याळं चालतात, थोड्या वेळाने तीन. प्रत्येक जण आपापल्या वेळेला स्लाइड पुढे ढकलतो. दुसऱ्या टॅबवरून परतल्यावर एकदम धाव घेत असेल तर त्यात आणखी एक कारण मिसळलंय. टॅब मागे गेला की ब्राउझर चित्र रंगवणं थांबवतो, पण 'सेट-इंटरव्हल' मंद गतीने का होईना चालूच राहतो. तुमचं ॲनिमेशन रांगेत साठणारं असेल, म्हणजे जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या 'ॲनिमेट'सारखं, तर साठलेल्या हालचाली परत आल्यावर एकामागून एक सुटतात.

यावर माझी पद्धत सांगतो. ती मी आता प्रत्येक स्लायडरला लावतो. 'चालू' आणि 'बंद' असा एकच खरा-खोटा चल (व्हेरिएबल) ठेवू नका. त्याऐवजी थांबण्याच्या कारणांचा एक संच ठेवा, जावास्क्रिप्टमधला साधा 'सेट'. माउस वर आला तर संचात 'माउस' टाका, गेला तर काढा. कीबोर्डचा फोकस, म्हणजे टॅबची कळ दाबत आत्ता जिथे पोचलो ती जागा, आत आला तर 'फोकस'. ब्राउझरचा टॅब मागे गेला तर 'टॅब'. वाचकाने थांबवण्याचं बटण दाबलं तर 'बटण'. संचात काहीही बदललं की एकच फंक्शन बोलवायचं. ते आधी जुनं घड्याळ रद्द करतं, मग संच रिकामा आहे का पाहतं आणि रिकामा असेल तरच नवं सुरू करतं. घड्याळ सुरू करणारी ओळ सगळ्या कोडमध्ये एकाच जागी. दोन घड्याळं एका वेळी चालायला वावच राहत नाही.

खरा-खोटा चल का पुरत नाही, ते एका प्रसंगावरून लगेच कळेल. वाचकाने माउसने 'थांबवा' दाबलं. माउस त्या वेळी स्लायडरवरच आहे, म्हणजे थांबण्याची दोन कारणं आहेत. आता तो माउस बाजूला नेतो. एकच चल असेल तर 'माउस गेला, चला' असं म्हणून स्लायडर पुन्हा चालू होतो, आणि वाचकाला वाटतं की बटण बिघडलंय. संचातून मात्र 'माउस' निघतं, 'बटण' तसंच राहतं, स्लायडर गप्प. फोकसचंही तेच. एका दुव्यावरून शेजारच्या दुव्यावर जाताना आधी बाहेर गेल्याची आणि लगेच आत आल्याची अशा दोन सूचना येतात. घड्याळ क्षणभर सुरू होऊन लगेच रद्द होतं, त्यामुळे काही बिघडत नाही.

घड्याळासाठी 'सेट-इंटरव्हल'ऐवजी एकदाच वाजणारा 'सेट-टाइमआउट' वापरा. एक स्लाइड बदलली की पुढचं लावायचं. त्यामुळे प्रत्येक स्लाइडला वेगळा वेळ देता येतो. व्याख्यानमालेच्या स्लाइडवर वक्ते, विषय, तारीख, वेळ आणि सभागृह असं सगळं असेल, तर तिला आणि 'नवी पुस्तकं आली' एवढ्याच ओळीला सारखा वेळ देणं चुकीचं आहे. किती वेळ, याचं सूत्र मी देत नाही. स्लाइडवरचा मजकूर सावकाश, मोठ्याने वाचा. लागेल त्याहून थोडा जास्त वेळ ठेवा. तुमच्या सभासदांत सत्तरीपुढचे लोक असतील, त्यांच्या चालीने वाचा. अर्धं वाक्य झालं असताना स्लाइड बदलणं म्हणजे घास तोंडात असताना पंगतीतलं पान उचलण्यासारखं आहे.

कारणांबद्दल थोडं तपशिलात. टॅबसाठी 'व्हिजिबिलिटी-चेंज' ही घटना ऐकायची. पान खाली सरकवून स्लायडर नजरेआड गेला की तेही कारण धरायचं, त्यासाठी 'इंटरसेक्शन-ऑब्झर्व्हर' आहे. अर्ध्याहून कमी दिसत असेल तर थांबव, असं मी ठेवतो. माउसच्या बाबतीत मोबाइलवर फसगत होते. बोट टेकवलं की ब्राउझर माउस आल्याची नक्कल करतो, पण बोट उचलल्यावर माउस गेल्याची सूचना दुसरीकडे टेकवेपर्यंत येत नाही. त्यामुळे स्लायडर कायमचा अडकून बसतो. म्हणून 'पॉइंटर-एन्टर' वापरा आणि 'पॉइंटर-टाइप' खरोखर 'माउस' असेल तरच कारण नोंदवा.

बोटासाठी माझा नियम वेगळा आहे. वाचकाने एकदा स्वतः पट्टा सरकवला, बाण दाबला किंवा ठिपक्यावर टिचकी मारली, की पान बंद होईपर्यंत आपोआप सरकणं बंद. त्याने ताबा घेतलाय, तो परत हिसकावू नये. काही जण दहा सेकंदांनी पुन्हा सुरू करतात. माझ्या मते त्यातून काहीच मिळत नाही, आणि कोडही गुंतागुंतीचा होतो.

थांबवण्याचं बटण हवंच. यात आवडीनिवडीचा प्रश्न नाही. वेबच्या सुगम्यतेचे जे जागतिक निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यातला २.२.२ हा निकष सांगतो की आपोआप सुरू होणारी, ५ सेकंदांपेक्षा जास्त चालणारी आणि बाकीच्या मजकुरासोबत दिसणारी हालचाल थांबवायची, लपवायची किंवा बंद करायची सोय हवी. हा निकष सगळ्यात खालच्या, म्हणजे 'ए' पातळीचा आहे. आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांसाठीच्या जीआयजीडब्ल्यू मार्गदर्शक सूचनाही याच निकषांचा आधार घेतात. तुमचं वाचनालय शासनमान्य असलं तरी सरकारी कार्यालय नाही, हे खरं. पण ज्यांना हलत्या गोष्टीशेजारी वाचता येत नाही, असे लोक तुमच्याही सभासदांत आहेत. माउस वर नेला की थांबतं, एवढं पुरत नाही. मोबाइलवर माउस नसतो आणि कीबोर्डवाल्यालाही नसतो. बटण स्लायडरमधली पहिलीच गोष्ट ठेवा, म्हणजे टॅबची कळ दाबत येणाऱ्याला ते आधी सापडेल. त्यावर नुसतं चिन्ह नको, 'थांबवा' आणि 'चालू करा' असे शब्द असू द्या.

याच जोडीला, ज्यांनी फोनमध्ये किंवा संगणकात हालचाल कमी करण्याची सेटिंग चालू केली आहे, त्यांच्यासाठी 'प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन' तपासा. ती चालू असेल तर संचात सुरुवातीलाच एक कारण टाकून ठेवा. स्लायडर आपोआप सुरूच होणार नाही, हाताने मात्र चालेल. 'स्क्रोल-टू'ला हळुवार सरकण्यासाठी 'स्मूद' दिलं असेल, तर तेही त्यांच्यासाठी काढा. ब्राउझर ते स्वतःहून काढेल यावर विसंबू नका.

स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, दोन गोष्टी. बदललेला मजकूर वाचून दाखवायचा की नाही हे 'ॲरिया-लाइव्ह' ठरवतं; आपोआप चालू असताना ते 'ऑफ' आणि थांबलेला असताना 'पोलाइट' ठेवा. उलट केलंत तर ऐकणाऱ्याच्या कानावर दर सहा सेकंदांनी नवी स्लाइड आदळत राहील. आणि पानाच्या 'लँग'ला 'एमआर' द्यायला विसरू नका. नाहीतर मराठी मजकुरासाठी चुकीचा आवाज निवडला जातो आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही. मराठी साइटवर हे राहून गेलेलं मी सारखं पाहतो, आणि एका शब्दाचं काम आहे म्हणून जास्तच वाईट वाटतं.

पाचवीनंतरच्या उलट्या धावेचं काय? तिथे चार वाटा आहेत. पहिली, पाचवीवरून पहिलीवर ॲनिमेशनशिवाय थेट उडी. दुसरी, सरकवण्याऐवजी विरत जाणारा बदल. सगळ्या स्लाइड ग्रिडच्या एकाच घरात एकावर एक ठेवायच्या आणि पारदर्शकता बदलायची, म्हणजे दिशेचा प्रश्नच राहत नाही. मात्र न दिसणाऱ्या चार स्लाइडमधले दुवे 'इनर्ट' करा, म्हणजे कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर त्यांना वगळतात; नुसती पारदर्शकता शून्य केली तर कीबोर्ड त्यांच्यावर जातोच. तिसरी वाट अखंड फिरण्याची. पहिल्या स्लाइडची प्रत शेवटाला जोडायची आणि त्या प्रतीवर पोचलं की गुपचूप खऱ्या पहिलीवर उडी मारायची. दिसायला छान, पण प्रतीतले आयडी दुहेरी होतात आणि स्क्रीन रीडर तोच मजकूर दोनदा वाचतो. त्यामुळे प्रतही 'इनर्ट' करावी लागते. मग खुणेचे ठिपके मोजताना प्रत वगळायची हेही लक्षात ठेवावं लागतं. चौथी वाट मला सगळ्यात पटते. एक फेरी पूर्ण झाली की थेट पहिलीवर यायचं आणि तिथेच थांबायचं. पान उघडून पाऊण मिनिट झालेला माणूस स्लायडर पाहत बसलेला नसतो, तो खाली काहीतरी वाचत असतो. पाच स्लाइडच्या वाचनालयाला मी हीच वाट सुचवीन. बटण तरीही हवं, कारण फेरी ५ सेकंदांपेक्षा मोठीच होणार.

चित्रांबद्दल. पहिल्या स्लाइडच्या चित्राला 'लोडिंग लेझी', म्हणजे चित्र गरज पडेल तेव्हाच आणण्याची सूचना, लावू नका. पान उघडल्यावर दिसणारी सगळ्यात मोठी गोष्ट बहुधा तीच असते आणि गूगलच्या मोजमापात ती २.५ सेकंदांच्या आत दिसणं चांगलं धरतात. लेझी बाकीच्या चारांना लावा. प्रत्येक चित्राला रुंदी-उंची लिहून द्या, म्हणजे ते उशिरा आलं तरी खालचा मजकूर उडी मारणार नाही.

मजकूर चित्रातच छापलेला असू नये. व्याख्यानमालेचं रस्त्यावरच्या फ्लेक्स-फलकासाठी केलेलं डिझाइन तसंच स्लायडरमध्ये टाकायचा मोह होतो, कारण ते तयार असतं. मोबाइलवर त्यातली तारीख मुंगीएवढी होते, शोधयंत्राला आणि स्क्रीन रीडरला ती दिसतच नाही. वक्त्यांचं छायाचित्र वेगळं घ्या, नाव-तारीख-वेळ एचटीएमएलमध्ये लिहा. देवनागरीसाठी आणखी दोन सूचना. स्लाइडला ठरावीक उंची आणि 'ओव्हरफ्लो हिडन' दिलंत की वरच्या वेलांट्या, रफार आणि खालचे उकार कापले जातात. ओळींची उंची १.५ च्या आसपास ठेवा आणि स्लाइडची उंची मजकुराला ठरवू द्या. सीएसएसच्या 'फ्लेक्स'मधल्या सगळ्या स्लाइड आपोआप सर्वात उंच स्लाइडएवढ्या होतात, त्यामुळे पट्टा वरखाली हलत नाही. दुसरं, इंग्रजी टेम्पलेटमधून आलेलं 'लेटर-स्पेसिंग' शीर्षकांवरून काढून टाका, त्याने शिरोरेषा तुटते.

तुम्ही प्रश्नात 'सूचनांची धावती पट्टीही हवी' असंही लिहिलंय. 'मार्की' हा टॅग ब्राउझर अजून चालवतात, पण एचटीएमएलच्या मानकातून तो केव्हाच बाद झालाय. सीएसएसने करायची तर मजकूर दोनदा लिहून 'ट्रान्सलेट-एक्स' शून्यापासून उणे ५० टक्क्यांपर्यंत न्यायचं. त्यात दोन गोष्टी हमखास चुकतात. सूचनांमधलं अंतर 'गॅप'ने दिलं तर दर फेरीला अर्ध्या गॅपएवढा झटका बसतो. अंतर प्रत्येक सूचनेच्या उजव्या पॅडिंगने द्या. आणि कालावधी ठरावीक ठेवला तर मजकूर वाढला की पट्टी जास्त वेगाने पळते. रुंदी मोजून, सेकंदाला इतके पिक्सेल असा हिशेब करून कालावधी काढा. थांबवण्याचं बटण इथेही लागतं आणि दुसरी प्रत इथेही 'इनर्ट' करायची. पण एकाच पानावर दोन हलत्या गोष्टी मी ठेवणार नाही. तीन सूचनांची साधी यादी, वर ताजी तारीख, हे तुमच्या सभासदांना जास्त उपयोगी पडेल.

राहिला प्लगइनचा प्रश्न. पाच स्लाइडसाठी नको. स्वायपर, स्प्लाइड, एम्ब्ला हे चांगले पर्याय आहेत. एका वेळी चार पुस्तकांची मुखपृष्ठं, शेजारी छोट्या चित्रांची जोडपट्टी, अशी गरज पुढे पडली तर अवश्य वापरा. 'स्लिक' या प्लगइनला जेक्वेरी लागते, नव्या साइटसाठी तेवढ्याकरता ती आणू नका. क्रोमने २०२५ मध्ये आवृत्ती १३५ पासून बाण आणि ठिपके निव्वळ सीएसएसने करण्याची सोय दिली आहे, पण आज सगळ्या ब्राउझरांत ती आहे असं धरून चालू नका, आणि आपोआप सरकणं त्यात नाहीच.

झाल्यावर तपासा ते असं: जावास्क्रिप्ट बंद करून पाचही स्लाइड बोटाने बघता येतात का. माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबच्या कळीने बटणापर्यंत आणि प्रत्येक दुव्यापर्यंत पोचता येतं का. 'थांबवा' दाबून माउस आतबाहेर केला तरी तो थांबलेलाच राहतो का. दुसऱ्या टॅबवर काही मिनिटं घालवून परतल्यावर तीच स्लाइड समोर आहे का. आणि एखाद्या ज्येष्ठ सभासदाच्या फोनवर, त्यांनी मोठा करून ठेवलेल्या अक्षरांत, तारीख पूर्ण दिसते का.

एवढं करूनही वेग वाढलाच, तर सगळा कोड टाकू नका. 'सेट-टाइमआउट' ज्या ज्या ठिकाणी लिहिलाय तेवढ्याच ओळी इथे टाका. एकापेक्षा जास्त निघाल्या तर दोष तिथेच आहे.